सुटलेल्या पाच ओळी

एक्सेलच्या एका तक्त्यात सरासरीचं सूत्र एल३० या चौकटीपासून एल४४ पर्यंत ओढलेलं होतं. ते एल४९ पर्यंत जायला हवं होतं. शेवटच्या पाच ओळींत ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क होते. त्या रकान्यात हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले आणि तीन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दरम्यान त्या रकान्यातून निघालेला आकडा ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचे नेते जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या भाषणात, युरोपीय आयोगात आयुक्त ओली रेन यांच्या पत्रव्यवहारात आणि अमेरिकेत खासदार पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पी आराखड्यात पोचला होता.

तो आकडा होता अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या शोधनिबंधातला, २०१० सालचा. वीस प्रगत देश, १९४६ ते २००९. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या किती टक्के आहे यावरून प्रत्येक वर्ष चारपैकी एका गटात टाकायचं आणि गटाचा सरासरी विकासदर काढायचा, इतकी साधी मांडणी. निष्कर्ष असा, की कर्ज ९० टक्क्यांच्या वर गेलं की विकासदर उणे ०.१ टक्क्यावर येतो. त्याआधीच्या, म्हणजे ६० ते ९० टक्क्यांच्या गटात तो २.८ होता. उतार नव्हे, कडाच. आणि धोरणकर्त्याला कडा फार सोयीची वाटते, कारण तिच्या अलीकडे थांबा असं एका वाक्यात सांगता येतं.

ही चूक सापडली ती एका गृहपाठात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या अर्थशास्त्र विभागात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अर्थमितीच्या, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासायला शिकवणाऱ्या वर्गात एक काम दिलं जात होतं: नामांकित नियतकालिकात छापलेला एखादा निबंध घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने हा निबंध घेतला. आकडे जुळेनात. चूक आपलीच असणार असं आधी वर्गात सगळ्यांनाच वाटलं, आणि ते साहजिक होतं. शेवटी त्यांनी मूळ लेखकांना लिहिलं, लेखकांनी आपली वर्कशीट पाठवून दिली आणि पाच ओळींचा प्रश्न उघड झाला. २०१३ च्या एप्रिलमध्ये हर्नडन आणि त्यांचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी फेरहिशेब मांडला. ९० टक्क्यांवरच्या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ नव्हे, २.२ टक्के.

या प्रसंगाबद्दल बोलताना बहुतेक जण एक्सेलवर थांबतात. पण सूत्र अपुरं ओढल्यामुळे पडलेला फरक अवघा ०.३ टक्के बिंदूंचा होता. मोठा भाग दुसरीकडेच होता, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यासाठी तोच जास्त मोलाचा आहे.

न्यूझीलंड घ्या. कर्ज ९० टक्क्यांवर असलेली त्यांची पाच वर्षं होती: १९४६, ४७, ४८, ४९ आणि १९५१. त्या वर्षांचे विकासदर अनुक्रमे ७.७, ११.९, उणे ९.९, १०.८ आणि उणे ७.६. सरासरी सुमारे २.६. मूळ हिशेबात पहिली चार वर्षं नव्हती. उरलं एकटं १९५१, उणे ७.६. त्यात भर म्हणजे सरासरी आधी देशवार काढून मग देशांची सरासरी घेतली होती. म्हणजे ब्रिटनची १९ वर्षं, सरासरी २.४ टक्के, आणि न्यूझीलंडचं एक वर्ष, दोघांना सारखंच वजन. सूत्रातून सुटलेले देश वजा जाता त्या गटात सातच देश उरले होते, त्यामुळे त्या एका वाईट वर्षाच्या वाट्याला एक सप्तमांश वजन आलं.

आता यातलं चूक काय आणि निवड काय? सूत्र अपुरं ओढणं ही चूक, आणि लेखकांनी ती लगेच मान्य केली. देशवार वजन देणं ही निवड आहे. तिच्या बाजूनेही बोलता येतं: एकाच देशाची सलग १९ वर्षं म्हणजे १९ स्वतंत्र साक्षी नव्हेत. लेखकांनी तसा बचाव केलाही, आणि निबंधात मध्यकही, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडाही दिला होता, तो १.६ होता, हेही दाखवून दिलं. वर्गात एक्सेलच्या चुकीला पाच मिनिटं पुरतात. वजनाच्या प्रश्नाला दोन तास द्यावेत. आणि त्याच्याही पलीकडचा प्रश्न: कर्ज वाढल्याने विकास मंदावतो, की विकास मंदावल्याने कर्जाचं प्रमाण वाढतं? गुणोत्तराच्या छेदात उत्पन्न आहे. छेद लहान झाला की कर्जाचा एक पैसा न वाढताही टक्केवारी वर जाते. गटवार सरासऱ्यांच्या तक्त्यातून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही, मग सूत्र एल४९ पर्यंत ओढा की एल४४ पर्यंत.

अर्थशास्त्र विभागाचं मोजमाप करताना लोक निबंध मोजतात, नियतकालिकांच्या क्रमवाऱ्या बघतात, माजी विद्यार्थ्यांत किती जण मध्यवर्ती बँकेत गेले ते सांगतात. मी आधी विचारेन: इथे हा गृहपाठ दिला जातो का? संशोधन, अध्यापन आणि धोरण ही तीन खाती वेगवेगळी दिसतात, पण तिघांचा पाया एकच आहे. आपला आकडा कसा तयार झाला, हे दुसऱ्याला पायरी-पायरीने उघडून दाखवता यायला हवं. ते जमत असेल तर विद्यार्थी शिकतो, निबंध टिकतो आणि मंत्रालयातला माणूस फसत नाही.

हा गृहपाठ द्यायचा म्हटलं तर नुसतं 'निबंध घ्या आणि करा' असं सांगून भागत नाही. ज्याचा डेटा खुला आहे असा निबंध निवडावा, आणि त्यातला एकच तक्ता. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती फक्त वाचण्यापुरती. दुरुस्त्या सगळ्या प्रोग्रॅममधून, म्हणजे कोणती ओळ का काढली याची नोंद आपोआप राहते. एक मुख्य फाइल अशी असावी, की ती चालवली की कच्च्या डेटापासून छापील तक्त्यापर्यंत सगळं एका दमात तयार व्हावं. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर त्यांचं बीज, म्हणजे ते जिथून तयार व्हायला लागतात तो आकडा, ठरवून लिहून ठेवावं, नाहीतर उद्या उत्तर बदलेल. सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहावी. आणि शेवटी ते सगळं वर्गमित्राच्या संगणकावर चालवून बघावं. बहुतेक वेळा ते तिथे अडतंच, कारण फाइलचा पत्ता स्वतःच्या मशीनचा दिलेला असतो.

मग आकडे जुळत नाहीत. यात घोटाळा क्वचितच असतो. कारणं साधी असतात, आणि ती ओळखता येणं हीच विद्या. सर्वेक्षणात उत्पन्न विचारलं, काहींनी 'माहीत नाही' म्हटलं आणि भरणाऱ्याने तिथे ९९,९९९ लिहिलं. समजा हजार माणसं आहेत आणि त्यातल्या ९८० जणांचं सरासरी उत्पन्न १२,००० आहे. उरलेल्या वीस जागी तो ९९,९९९ तसाच राहिला तर सरासरी १३,७६० होते. दोन टक्के उत्तरांमुळे जवळपास पंधरा टक्क्यांची फुगवट. किंवा दोन फायली जोडताना एकीत कुटुंबाचा क्रमांक दोनदा आला. जोडणीआधी पाच हजार ओळी होत्या, नंतर पाच हजार दोनशे झाल्या, आणि प्रोग्रॅमने तक्रार केली नाही कारण त्याच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही. म्हणून प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजायच्या. ही सवय पहिल्या सत्रात लागली तर लागली. पुढे घाई एवढी असते की ती लावून घ्यायला कुणी थांबत नाही.

पदवीच्या वर्गात हे कुठे बसतं, असा प्रश्न येतो. २००८ च्या संकटानंतर बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांनीच अभ्यासक्रमावर बोट ठेवलं. मँचेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तर त्यासाठी संघटना काढली. वेंडी कार्लिन, सॅम्युएल बोल्स आणि इतर अर्थतज्ज्ञांनी 'कोअर' नावाचा अभ्यासक्रम उभा केला. त्याचं पुस्तक ऑनलाइन मोफत आहे आणि त्यात आकृतीच्या आधी जगातला प्रश्न येतो. हा बदल मला मनापासून पटतो. मागणी-पुरवठ्याच्या रेघा फळ्यावर काढता येणं गरजेचंच आहे, पण त्या रेघांवर खऱ्या बाजारातले ठिपके कुठे पडतात हे विद्यार्थ्याने स्वतः बघितलेलं नसेल तर त्याला ती भूमितीच वाटत राहते.

ठिपके कसे गोळा करतात याचं माझ्या मते सर्वात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातलं आहे. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर होणार होतं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहणार होतं. तिथले अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी वाढ लागू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड दुकानांना फोन लावले: ३३१ न्यू जर्सीतली, ७९ पूर्व पेनसिल्व्हेनियातली. बर्गर किंग, केएफसी, वेंडीज आणि रॉय रॉजर्स. मॅकडोनाल्ड्स घेतलं नाही, कारण चाचणी सर्वेक्षणात त्यांच्याकडून प्रतिसाद फार कमी आला होता. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा तीच दुकानं, तेच प्रश्न.

वेळ बघा. कायदा लागू झाल्यावर सुचलं असतं तर 'आधी'चा आकडा कायमचा गेला असता. असा अभ्यास करायचा तर विभागात कुणीतरी विधिमंडळाच्या कामकाजावर नजर ठेवून असावं लागतं आणि फोन करायला थोडे पैसे हाताशी असावे लागतात. अनुदानाचा अर्ज मंजूर होईपर्यंत तारीख उलटून जाते.

दुसऱ्या फेरीत काही दुकानांनी फोन उचलला नाही. इथेच बरेच अभ्यास कच्चे राहतात, कारण फोन न उचलणारं दुकान बंद पडलेलं असू शकतं, आणि वेतन वाढल्यामुळे दुकानं बंद पडली का हाच तर प्रश्न आहे. त्या दुकानांकडे मुलाखतकाराला प्रत्यक्ष पाठवलं गेलं. सहा दुकानं कायमची बंद झालेली निघाली. ती हिशेबातून गाळली नाहीत, तिथे शून्य कामगार धरले. वेतनवाढीच्या विरोधात जाणारा पुरावा असता तर तो याच सहा दुकानांत असता, आणि तो त्यांनी आत ठेवला.

कामगार मोजायचं मापही बारकाईने ठरवलेलं: व्यवस्थापक आणि पूर्णवेळ माणूस एक, अर्धवेळ माणूस अर्धा. न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी २०.४४ होते ते २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात २३.३३ चे २१.१७ झाले. एकीकडे किंचित वाढ, दुसरीकडे घट, दोहोंतला फरक २.७६, आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे त्यात येणारी अनिश्चितता, १.३६. किमान वेतन वाढलं की रोजगार घटतोच असं पाठ्यपुस्तक छातीठोकपणे सांगत होतं, त्याला हा पुरावा जुमानेना.

वाद झाला, जोरात झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या अर्थतज्ज्ञांनी पगारपत्रकांच्या नोंदी वापरून उलटा निष्कर्ष काढला. कार्ड आणि क्रूगर यांनी २००० साली सरकारी रोजगार नोंदी घेऊन उत्तर दिलं. फोनवर विचारलेला आकडा ढोबळ असतो ही टीका योग्यच होती. पण दोन्ही बाजू एकमेकांचे रकाने उघडून बोलत होत्या. म्हणून त्या वादातून नुसता आवाज निघाला नाही, पद्धत सुधारली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर त्याआधी, २०१९ मध्ये गेले.

सेमिनारबद्दल थोडंच सांगतो. दीड तासाच्या सेमिनारमध्ये वक्त्याला पहिल्या दहा मिनिटांत कुणीच थांबवलं नाही तर ते सौजन्य नव्हे, तिथे कुणी ऐकत नाहीये. प्रश्न कठोर असावा आणि तो तक्त्याला विचारलेला असावा, माणसाला नव्हे. हा फरक सांभाळणं विभागप्रमुखाचं काम आहे. तो ढिला पडला की नवखे विद्यार्थी, त्यातही मुली, आपलं अर्धवट काम मांडायला येईनाशा होतात, आणि चुका अर्धवट असतानाच पकडायच्या असतात.

धोरणाकडे येतो. सरकारी खात्याकडून विभागाकडे प्रश्न येतो तो साधारण असा: शाळेत एक नवी शिकवण्याची पद्धत आणायची आहे, हजारेक मुलांवर करून बघा आणि सहा महिन्यांत सांगा. इथे विभागाने आधी नमुन्याचा हिशेब मांडून दाखवावा. ढोबळ नियम असा: गुणांतला फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या पटीत घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६ ला त्याने भागा. ०.२ इतका फरक पकडायचा असेल तर प्रत्येक गटात, म्हणजे नवी पद्धत मिळालेल्या आणि न मिळालेल्या, ४०० मुलं. फरक ०.१ असेल तर १,६००. निम्म्या परिणामाला चौपट मुलं लागतात.

पण हे मुलं एकेकटी निवडली तर. पद्धत आणायची असते ती अख्ख्या शाळेत, आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती. दर शाळेतून २० मुलं घेतली आणि त्यांच्यातलं साम्य ०.१ धरलं, तर नमुना एक अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९ पट करावा लागतो. ४०० चे झाले १,१६०. गटामागे ५८ शाळा, दोन्ही गट मिळून ११६. अधिकारी म्हणतो, शाळा कमी करा, दर शाळेतून ४० मुलं घ्या. करून बघू: गुणक ४.९, मुलं १,९६०, शाळा गटामागे ४९. मुलं जवळपास १.७ पट झाली आणि शाळा वाचल्या गटामागे नऊ. हा हिशेब समोरच बसून, कागदावर, त्यांच्याच आकड्यांनी करून दाखवला की चर्चा बदलते. तसा न दाखवता दहा-दहा शाळांवर होकार दिला, तर वर्षभराने 'परिणाम आढळला नाही' असं लिहावं लागतं आणि खातं त्याचा अर्थ 'पद्धत निरुपयोगी' असा काढतं. नमुना लहान होता म्हणून दिसलं नाही आणि मुळात काही नव्हतंच, या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. एक बरी योजना यात मरून जाते, आणि त्याची जबाबदारी विभागाची असते.

टिपणही लिहायला शिकवावं लागतं. दोन पानं. पहिल्या परिच्छेदात उत्तर, त्याच्यासोबत लगेच त्याची मर्यादा: अमुक ते अमुक. मग खर्च. मग हे उत्तर कोणत्या परिस्थितीत बदलेल. पद्धत शेवटी, पण टाळायची नाही. निबंधाची सवय लागलेला माणूस आधी पूर्वसूरींचा आढावा घेतो आणि उत्तर अठराव्या पानावर ठेवतो. तोवर फाइल पुढच्या टेबलावर गेलेली असते. शिवाय निबंध छापून यायला वर्षं लागतात आणि अर्थसंकल्पाची तारीख कुणासाठी सरकत नाही. ब्रिटनमध्ये किमान वेतन सुचवण्यासाठी १९९७ मध्ये आयोग नेमला, त्याची रचना मला या दृष्टीने शहाणपणाची वाटते: नऊ सदस्य, तीन मालकांच्या बाजूचे, तीन कामगारांच्या, तीन स्वतंत्र. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डेव्हिड मेटकाफ सुरुवातीपासून त्यात होते. १ एप्रिल १९९९ ला तासाला ३.६० पौंडांनी सुरुवात झाली. संशोधक तिथे दरवर्षी त्याच प्रश्नाकडे परत येतो आणि गेल्या वर्षी सांगितलेलं कुठे चुकलं हे त्याला मालक आणि कामगार दोघांसमोर बसून बघावं लागतं.

आणि कधीकधी धोरणाला सल्ल्यापेक्षा तक्ता जास्त उपयोगी पडतो. १९४१ साली, युद्ध चालू असताना, जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज केले आणि ते त्या वर्षीच्या अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध झाले. युक्ती अशी, की एकच बेरीज दोन वाटांनी करायची: लोकांना मिळालं किती आणि देशात खर्च झालं किती. दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत की कुठला तरी अंदाज चुकला, आणि तो शोधायचा. स्टोन पुढे केंब्रिजच्या उपयोजित अर्थशास्त्र विभागाचे पहिले संचालक झाले, आणि देशोदेशीचं राष्ट्रीय उत्पन्न आज ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात त्यांचा मोठा हात आहे. चूक आपोआप उघडी पडावी अशीच ती मांडणी आहे. न जुळणारी बेरीज तिथे लपत नाही.

कार्ड-क्रूगर यांचा डेटा आजही खुला आहे, आणि अर्थमितीच्या पहिल्या वर्गात त्याच्याइतकी चांगली सुरुवात नाही. ४१० ओळी, कुठल्याही साध्या संगणकावर चालतात. विद्यार्थी चार सरासऱ्या काढतात, वजाबाक्या करतात. छापील तक्त्यात २.७६ आहे. कुणीतरी वर तक्त्यात छापलेल्या चार आकड्यांची वजाबाकी करतं आणि त्याला २.७५ मिळतात. दशांशाची कुठली पायरी कधी पूर्णांकित केली, हे तिथे समजतं. मग त्यांना सांगायचं, की दुसऱ्या फेरीत आणखी चार दुकानं बंद होती, पण तात्पुरती, आणि ती हिशेबात धरलेली नाहीत. तिथेही शून्य धरून बघा. फरक २.५१ वर येतो. आता वर्गात दोन तट पडतात. महामार्गाच्या कामामुळे बंद असलेल्या दुकानाचा वेतनाशी संबंध काय, असं एक बाजू विचारते. दुसरी विचारते, की ते दुकान त्या कामासाठीच बंद होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?